बिनतेलाची हवा

५ फेब्रुवारी, सोमवार

ताईने आज पुन्हा तोंडाने फुंकलं. माझ्यासमोर! पिठाच्या गिरणीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर आला होता. तिने झाकण काढलं, ब्रश फिरवला आणि कोपऱ्यातलं पीठ निघेना म्हणून आत डोकं घालून फू केलं. सगळा लोट तिच्याच तोंडावर. मग खोकला. टेबलाची कड धरून किती वेळ उभी होती. पाणी दिलं तर म्हणते — "अरे, पीठ मळताना याहून जास्त जातं नाकात."

शनिवारीच छातीच्या डॉक्टरांनी सांगितलंय. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतो, नाहीतर आठवणीत मी ते मऊ करीन: "गोळ्या मी देईन, पण धूळ तुम्ही बंद करायची. गेलेलं फुप्फुस परत येत नाही. उरलंय ते सांभाळा. महिन्याने परत तपासू."

उरलंय ते! माणसाबद्दल असं बोलतात? पण खरं बोलले असणार.

अठरा वर्षं आम्ही दोघं या दुरुस्तीच्या दुकानात. मी बिघाड शोधतो, ती उघडते, साफ करते, परत बांधते. लग्न माझंही झालं नाही, तिचंही नाही — ती म्हणते, आपलं सासर एकच, हे टेबल. हातातला छोटा ब्लोअर दोन महिन्यांपूर्वी जळला. दुरुस्त करतो म्हणालो आणि केला नाही. लोकांची यंत्रं दुरुस्त करणारा मी! त्या दोन महिन्यांत तिने किती वेळा फुंकलं असेल?

टेबल सोड, म्हणालो. "सोडून करू काय? तुझ्या तोंडाकडे बघत बसू?"

शेवटी शब्द दिला — या आठवड्यात कॉम्प्रेसर आणतो. हातभर लांबून नळी धरायची, चाप ओढायचा, संपलं. वाकायला नको, फुंकायला नको.

६ फेब्रुवारी, मंगळवार

वहीत प्रश्न काढले. टाकी किती लिटरची? हवेचा दाब किती लागेल? किती मिनिटं सलग चालेल? तेलाचा की बिनतेलाचा? आवाज किती? हवेतलं पाणी कसं अडवायचं? नळीतून हवा जाताना वीज साठते, तिने चिप मरेल का? सतरा झाले.

ताईने वही बघितली. "भावा, कॉम्प्रेसर आणतोयस की सून?"

८ फेब्रुवारी, गुरुवार

हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदार गोड माणूस, पण त्याला एकच प्रश्न माहीत.

"रंग मारायला की टायरला?"

"कॉम्प्युटरला."

तो थांबला. मग त्याने तेवढ्याच आत्मविश्वासाने सांगितलं — "घ्या हा. पन्नास लिटर. ट्रकचं टायर भरतं, तुमच्या कॉम्प्युटरची काय कथा?"

नेमकी तीच तर कथा! ट्रकच्या टायरला जे चालतं त्याने आतल्या पंख्याची पाती तुटतील. शिवाय तो तेलाचा. पिस्टनला तेल लागतं, तेलाचा अंश हवेबरोबर येतो. डोळ्यांना दिसत नाही, पण बोर्डावर बसतो आणि पुढची सगळी धूळ त्याला चिकटते. म्हणजे साफ केलेला कॉम्प्युटर आधीपेक्षा लवकर घाण. हे मी दुकानदाराला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, तुम्हाला घ्यायचाय का शिकवायचाय?"

हात हलवत परत. ताईने विचारलं, कुठे आहे? मी म्हणालो, योग्य नव्हता. ती ब्रश घेऊन वळली. तेच जास्त लागलं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन कॉम्प्युटर आले. दोन तिने केले. मोजले मी — अकरा वेळा खोकली.

१० फेब्रुवारी, शनिवार

आमच्या दुकानाच्या वरच दातांच्या डॉक्टरीणबाई बसतात. त्यांच्याकडे कॉम्प्रेसर आहे हे इतकी वर्षं माहीत असून सुचलं नव्हतं! दोन पेशंटांच्या मधे पाच मिनिटं मिळाली.

"बिनतेलाचाच घ्या," त्या म्हणाल्या. "मी पेशंटच्या तोंडात तेल फवारलं तर पेशंट परत येईल का?" मग हसून, "तसे ते एरवीही येत नाहीत."

त्यांनी खूप सांगितलं. बिनतेलाचा हलका असतो, सांभाळायला सोपा, पण साधा घेतला तर भयंकर ओरडतो. कमी आवाजाचा वेगळा मिळतो. आणि पाणी! हवा दाबली की तिच्यातली वाफ टाकीत थंड होऊन पाणी होते. टाकीच्या बुडाला तोटी असते, ती रोज उघडून पाणी काढायचं. "रोज म्हणजे रोज. दात घासण्यासारखं."

वहीत प्रश्न तेवीस झाले. हे बरं की वाईट? प्रत्येक उत्तराच्या पोटातून दोन प्रश्न निघतात. मी खरंच ताईसाठी चौकशी करतोय, की चुकायला घाबरतोय आणि त्या भीतीला चौकशी म्हणतोय?

१२ फेब्रुवारी, सोमवार

आठवडा काल संपला. शब्द मोडला.

आज पलीकडच्या गाड्या रंगवणाऱ्याकडून त्याचा कॉम्प्रेसर तासाभरासाठी आणला. म्हटलं, घेण्याआधी हात बसवू. भंगारातला एक जुना बोर्ड मांडला. ताई दारात उभी.

चाप ओढला. पहिली दोन सेकंदं — काय सांगू! चिप थंड ठेवणाऱ्या हीट सिंकच्या पट्ट्यांमधून राखेसारखं सगळं भुर्रकन उडालं. ब्रशने अर्धा तास लागला असता. ताई म्हणाली, "अगंबाई!"

तिसऱ्या सेकंदाला पंखा इतका जोरात फिरला की किंचाळला. त्याचं एक पातं निघून माझ्या कानाजवळून गेलं. आणि चौथ्या सेकंदाला नळीने पाणी थुंकलं. चक्क गढूळ, तांबूस पाणी, बोर्डभर. रंगवाल्याने किती दिवसांत तोटी उघडली नव्हती देव जाणे.

भंगारातला बोर्ड होता म्हणून बरं. गिऱ्हाइकाचा असता तर? दोन गोष्टी शिकलो. पंख्याला बोट लावून धरल्याशिवाय हवा मारायची नाही. आणि टाकी नि नळी यांच्या मधे पाणी अडवणारी काचेची वाटी हवीच.

ताई हसत सुटली. हसता हसता खोकला लागला आणि मग नुसता खोकलाच उरला. पायरीवर बसली. ओठ निळसर दिसत होते. मी पाठीवर हात फिरवत राहिलो. बोटांखाली फासळ्या लागल्या. कधी एवढी वाळली ही? रोज समोर असतं ते आपण बघत नाही.

१४ फेब्रुवारी, बुधवार

अजून नाही घेतला. दोन मॉडेलांत घोडं अडलंय. एकाचा आवाज कमी पण टाकी नऊ लिटरची — सारखी रिकामी होईल, सारखं थांबावं लागेल. दुसऱ्याची टाकी चोवीस लिटरची, आवाज थोडा जास्त.

ताई सकाळी म्हणाली, "सावकाश घे. मी वर गेल्यावर घे. माझ्या फोटोवरची धूळ उडवायला कामाला येईल."

ती हसली. मी हसलो नाही. न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि उभा राहिलो.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा, ताई एकोणीसची. तिने वेणीफणी सोडली, कॉलेज सोडलं, टायपिंग शिकली. मी पदवीधर झालो तो तिच्या टायपिंगवर. त्या बाईला मी नऊ लिटर की चोवीस लिटर म्हणून नऊ दिवस धुळीत बसवलं. हे या पानावर लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची हिंमत नाही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

चोवीस लिटर. सांगून टाकलं. शनिवारी येतोय.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आला! खोक्यातून काढला तेव्हा ताईने त्याच्या टाकीवर टपटप केलं. "गुटगुटीत आहे."

बिनतेलाचा, कमी आवाजाचा. दाब कमीजास्त करायची चावी लावली आणि ती अगदी खाली ठेवली, टायरला लागतो त्याच्या अर्ध्याहून कमी. मधे काचेची वाटी. चाकं आहेत. नळीला लांब दांडा, म्हणजे कॉम्प्युटरपासून दूर राहता येईल. ताईसाठी चांगला झडपेचा मास्कही मिळाला, दुकानात तेवढा एकच शिल्लक होता. मी तूर्त रुमाल बांधीन.

नियम ठरवला आणि भिंतीवर चिकटवला: हवा फक्त मी मारणार. ताईने झाकण उघडायचं नि शेवटी बंद करायचं, बस. फरशीच्या कारखान्यातले कॉम्प्युटर — त्यांतली दगडाची भुकटी सगळ्यांत वाईट — ते आधीपासून मीच करत आलोय, तिला हात लावू देत नाही. आता सगळेच मी.

"म्हणजे मी स्क्रूवाली," ताई म्हणाली. "बढती की काय ही?"

पहिला कॉम्प्युटर चार मिनिटांत झाला. चार मिनिटं! बोर्ड असा दिसत होता जसा कारखान्यातून आत्ताच निघालाय. मला रडू येईल की काय वाटलं. इतकं सोपं होतं. इतकं सोपं होतं आणि मी थांबलो.

१९ फेब्रुवारी, सोमवार

शेजारचा शिंपी आला. कानात मोजपट्टीचं टोक घालून आला होता — विनोद म्हणून.

"बुवा, तुमचं ते यंत्र सुरू झालं की गिऱ्हाईक दचकतं. छाती छत्तीसची अडतीस होते. शर्ट ढगळ झाला की शिव्या मला."

त्याचं खरं आहे. कमी आवाजाचा म्हणजे आवाज नाही असं नव्हे. कुणाला त्रास नको म्हणून ठरवलं: अकरा ते एक या वेळात सगळी सफाई उरकायची, आणि तेवढा वेळ दार-खिडकी लावून घ्यायची. शिंपी खूश. "माणूस असावा तर असा," म्हणाला.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

चार दिवसांत एकोणीस कॉम्प्युटर. शाळेची अख्खी खोली झाली. ताई समोरच्या टेबलावर स्क्रू लावते, मास्क लावून. तिला वाकावं लागत नाही. रोज सकाळी टाकीची तोटी उघडून पाणी काढतो, वाटी पुसतो. टेबल स्वच्छ. पूर्वी संध्याकाळी टेबलावर धुळीचे ढीग असायचे, सुपलीने भरायचो. आता ढीगच नाही!

आज पहिल्यांदा बरं वाटलं. डॉक्टरांना सांगीन — धूळ बंद केली.

२५ फेब्रुवारी, रविवार

ताई जिना चढताना दोनदा थांबली. म्हणाली, चप्पल चावते.

२६ फेब्रुवारी, सोमवार

चप्पल चावत नाही. तिच्या उशीखाली खोकल्याच्या औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या सापडल्या. चादर बदलायला गेलो म्हणून.

विचारलं. आधी टाळलं तिने. मग म्हणाली, "तू इतका खूश होतास रे. कशाला सांगायचं?"

आठवडाभर वाढलाय खोकला. वाढलाय! काहीच कळत नाही. ती फुंकत नाही, वाकत नाही, मास्क लावते. मग का? डॉक्टरांची तारीख सहा मार्चची. आधी जाऊ म्हणालो तर नको म्हणते.

मास्क "सारखा" लावते का, असं विचारलं. तेव्हा मान फिरवली. श्वास कोंडतो म्हणून नाकाखाली ओढते. मी चाप ओढत असतो, पाठ तिच्याकडे. मला काय दिसणार?

पण तरी धूळ आहेच कुठे? टेबल स्वच्छ आहे.

२७ फेब्रुवारी, मंगळवार



आज बारा वाजता दार-खिडकी लावून फरशीच्या कारखान्याचा कॉम्प्युटर करत होतो. चाप सोडला. वळलो. खिडकीच्या फळीतल्या फटीतून उन्हाची एक तिरीप आत आली होती, बोटभर जाडीची. ती तिरीप घन दिसत होती. पांढरी फळी ठेवावी तशी! आरपार काही दिसेना. तिच्यात भुकटी तरंगत होती, खाली न बसता, गरगरत. आणि तिरीप संपत होती तिथे ताईचं डोकं. स्क्रू लावत होती. मास्क गळ्यात.

दार उघडलं. तिला बाहेर काढलं. काय झालं, काय झालं विचारत होती.

नंतर एकटा आत गेलो. कपाटावर हात फिरवला — बोटाचा ठसा उमटला. ट्यूबलाइटवर थर. तिच्या पाण्याच्या तांब्यावर साय धरावी तशी धूळ. टेबल मात्र स्वच्छ.

कॉम्प्युटरमधून धूळ गेली. पण गेली कुठे? ब्रशने ती टेबलावर पडायची, ढीग व्हायची, मी भरून टाकायचो. हवेने ती उडवली, दार लावलेल्या खोलीत, दहा बाय बारा, आणि ती दोन-दोन तास तिथेच राहिली. जड धूळ खाली बसते, बारीक धूळ तरंगते. बारीक तीच छातीत जाते. दहावीचा मुलगा सांगेल हे.

तेवीस प्रश्न! तेल, पाणी, दाब, वीज, आवाज. बोर्डाला इजा होऊ नये म्हणून, पंख्याला होऊ नये म्हणून, शिंप्याच्या गिऱ्हाइकाच्या छातीच्या मापाला होऊ नये म्हणून. वही परत परत वाचली. धूळ कुठे जाईल, हा प्रश्न त्यात नाही. एकदाही नाही. मी हवा कशी हवी ते शोधलं, आणि ती हवा तिच्या नाकात घातली.

आगीतून फुफाट्यात. मी नेलं तिला. हात धरून.

२८ फेब्रुवारी, बुधवार

ताईला सांगितलं. सगळं. माफी मागितली. आजपासून दुकानात यायचं नाही, म्हणालो.

ती भडकली. पण धुळीवरून नाही!

"तू मला घरी बसवणार? मला?"

"ताई, तुझ्या छातीसाठी —"

"माझ्या छातीला विचारलंस कधी? तू शिंप्याला विचारलंस, दातवालीला विचारलंस, त्या टायरवाल्या दुकानदाराला विचारलंस. शेजारी बसलेल्या बाईला विचारलंस, की ताई, कसं करू या? मी सांगितलं असतं, अंगणात टाक. आपली आई गाद्या कुठे झटकायची? घरात दार लावून?"

  गाद्या बाहेर झटकायच्या एवढं तिला ठाऊक होतं. मी पदवीधर.

"आणि मी तिथे का येते ठाऊक आहे? स्क्रू लावायला? तू एकटा असलास की जेवत नाहीस. दिवसभर त्या डब्यांशी बोलत बसतोस. म्हणून येते."

मग खोकली. मी पाणी आणून दिलं.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

ताई घरी. दुकानात खुर्ची रिकामी. नको तेवढी शांतता.

१ मार्च, शुक्रवार

इमारतीच्या मागे मोकळी जागा आहे, सायकली लावतात तिथे. पंधरा मीटरची नळी आणली, कॉम्प्रेसर मागच्या दाराशी. रखवालदाराला कबूल केलं की रोज जागा झाडून देईन. म्हणाला, "झाडा की. मला काय, माझाच खराटा झिजायचा वाचेल."

चार कॉम्प्युटर केले. वारा फिरत होता. मी ज्या बाजूला उभा राहीन तिकडेच येत होता, मुद्दाम केल्यासारखा. दुपारी घरी गेलो तर ताई दार उघडून बघतच राहिली. "कोण पाहिजे? आमच्याकडे पुतळा मागवला नव्हता." केस, भुवया, पापण्या, सगळं पांढरं.

हसली! तीन दिवसांनी.

मास्क आण स्वतःसाठी, म्हणाली. आणतो म्हणालो. दुकानदाराकडे आले नाहीत अजून. रुमाल आहेच.

३ मार्च, रविवार

चार दिवस घरी राहिली तर खोकला उतरलाय. मोजतो मी, तिला न कळता. काल सहा वेळा. आज चार. लिहिताना भीती वाटते, लिहिलं की पळून जाईल.

पण जे आठ दिवस मी तिला कोंडून ठेवलं, त्यांचा हिशेब? "गेलेलं परत येत नाही." किती गेलं? डॉक्टर आकडा सांगतील. बुधवारी. तो आकडा माझा असेल — तिच्या छातीतला, पण माझ्या हातचा. आधीच्या तपासणीचा कागद घडी घालून पाकिटात ठेवलाय. दिवसातून तीनदा काढून बघतो.

कमी भरला तर मी काय करू? दुकान बंद करू? त्याने काय परत येणार आहे? देवा, मी काही मागत नाही कधी. आकडा तेवढाच राहू दे. वाढायला नको. तेवढाच राहू दे.

५ मार्च, मंगळवार

सकाळपासून कामात लक्ष नाही. एक पंखा बोट न लावता फिरवला. पाती गेली. गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं, नवा बसवून देतो.

ताईने उद्यासाठी इस्त्रीची साडी काढून ठेवली. "फुंकायलाच जायचंय, पण बघणाऱ्याला बरं वाटावं."

६ मार्च, बुधवार

नीट क्रमाने लिहितो.

तपासणीच्या खोलीत एक यंत्र असतं. नाकाला चिमटा लावतात आणि नळी तोंडात धरून पूर्ण जोराने फुंकायचं. तपासणारा पोरगेलासा, हसतमुख. ताई आधीच हट्टाला पेटलेली. "मागच्या वेळी जीव गेला होता माझा. आधी याला करायला सांगा. नुसता बघत बसतो."

तपासणारा म्हणाला, "या साहेब, दाखवा मावशींना."

मी फुंकलं. त्याने पडद्याकडे बघितलं. "अजून जोरात. घाबरू नका." परत फुंकलं. "पूर्ण श्वास घ्या आधी." घेतला. ताई मागून — "अरे, एवढ्याने मेणबत्तीसुद्धा विझायची नाही!" तिसऱ्यांदा. त्याने नळी काढली, नवीन लावली, यंत्राची तार हलवून बघितली. चौथ्यांदा. मग म्हणाला, बरं, असू दे, आता मावशी.

ताईने पहिल्या फटक्यात व्यवस्थित केलं! तो खूश. मी विजयी माणसासारखा तिच्याकडे बघत होतो.

आणि आकडा — मागच्यापेक्षा कमी नाही. किंचित जास्तच! डॉक्टरांनी कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवला. "छान. धुळीपासून लांब राहिलात, फरक पडला. आता पथ्य मोडू नका." मी त्यांचे हात धरले. काय बोललो आठवत नाही. बंद खोलीचं सांगितलं, तिरिपीचं सांगितलं, सगळं. ते ऐकत होते. मग विचारलं, तुम्ही स्वतः किती वर्षं करताय? म्हटलं, अठरा. ते म्हणाले, आलाच आहात तर तुमच्याही छातीचा फोटो काढून जा. खाली काढतात.

मी म्हणालो, माझं काय, मी ठणठणीत. पण ताईने ढकललंच. काढला.

येताना दोघं बाकावर बसलो, बागेत. ती म्हणाली, "झालं ना समाधान? आता एक दिवस तरी चेहरा सोड." सोडला. किती दिवसांनी पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं.

ठरलं: ती पुढच्या सोमवारपासून दुकानात, पण पुढच्या बाजूला, गिऱ्हाइकांशी बोलायला. सफाई मागे, मी एकटा. हे आधी तिला विचारून ठरवलं.

७ मार्च, गुरुवार

दवाखान्यातून फोन आला. तुमच्या छातीचा फोटो तयार आहे, दोघांनी या.

डॉक्टरांनी ताईला आत बोलावलं. मला बाहेर बसायला सांगितलं.

वीस मिनिटांनी ती आली. एकही टोमणा मारला नाही. समोर उभी राहिली आणि हात पुढे केला.

"दुकानाची किल्ली दे."

दिली.